पळायला जाते, पण मजा येत नाही. कधी येऊ लागते?

मृण्मयी_ठाणे | ९ जून, रात्री १०:४०

नमस्कार. वय ३९, राहायला ठाण्यात, नोकरी मुंबईत. गेले सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, सकाळी साडेपाचला उपवन तलावावर पळायला जाते आहे. एकदाही चुकवलेलं नाही. पण खरं सांगायचं तर एकदाही आवडलेलंही नाही.

रोज तेच होतं. पहिल्या खांबापर्यंत झकास वाटतं. तिसऱ्या खांबाला धाप लागते, सहाव्याला छातीत लोहाराचा भाता चालू होतो आणि मी थांबते. थांबले की अपराधी वाटतं, म्हणून पुन्हा पळते, आणि पुन्हा तेच. आदल्या रात्री गजर लावतानाच पोटात गोळा येतो.

मला न उलगडणारी गोष्ट अशी की मी शाळेत खो-खोच्या संघात होते, जिल्ह्यापर्यंत खेळले. संध्याकाळी दीड-दीड तास सराव चालायचा, आणि सर शिट्टी वाजवून घरी पाठवायचे तेव्हा वाईट वाटायचं. त्या मुलीला पळायला आवडायचं. ती कुठे गेली?

तिशी-चाळिशीत शून्यापासून सुरुवात करणाऱ्यांना विचारते आहे. तुम्हाला पळणं आवडू लागलं का? किती दिवसांनी? की काहींना ते आवडतच नाही, आणि मी सरळ चालणं धरावं? वजन कमी करणं हा माझा हेतू नाही. मला ती मजा परत हवी आहे.

टेकडीवाला | ९ जून, रात्री ११:०५

पळताना बोलता येतं का तुम्हाला?

मृण्मयी_ठाणे | ९ जून, रात्री ११:१२

बोलणं? अहो, श्वास पुरत नाही.

टेकडीवाला | १० जून, सकाळी ८:३०

मग अडचण तुमच्या पायांत नाही, छातीत नाही आणि वयातही नाही. तुम्ही फार जोरात पळताय. एवढंच.

आमचा पुण्यात वेताळ टेकडीवर जमणारा आठ-दहा जणांचा गट आहे. गेल्या सहा वर्षांत जितके नवे लोक आले, त्यातले जवळजवळ सगळे पहिल्या दिवशी याच वेगानं पळाले. त्यात नवल नाही. लहानपणी आपण ‘पळ’ म्हटलं की जिवाच्या आकांतानं पळायचो. बस पकडायला पळायचो, कुत्रं मागं लागलं की पळायचो. सावकाश पळायला आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. त्यामुळे चालणं आणि धूम ठोकणं यांच्यामध्ये एक तिसरी चाल असते, हे शरीराला ठाऊकच नसतं.

माझं ऐकाल? उद्या पळताना बाराचा पाढा मोठ्यानं म्हणा. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस. दोन ओळी एका दमात आल्या तर वेग बरोबर आहे. एका ओळीत दोनदा श्वास घ्यावा लागला तर कमी करा. तरी जमेना तर आणखी कमी करा. शेजारून कुणी झपझप चालत पुढे गेलं तरी हरकत नाही. वाईट वाटेल, पण त्या वेगात राहा.

कारण साधं आहे. स्नायूंना लागतो तेवढा प्राणवायू पोहोचेल अशा वेगात पळलात तर अर्धा तासही पळता येतं. त्यापलीकडे गेलात की शरीर उसनवारीवर चालतं, आणि ती उसनवारी काही मिनिटांतच वसूल होते. तुम्ही सहाव्या खांबाला थांबता ती वसुली आहे. सावकाश पळण्यानं हळूहळू हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, आणि आज ज्या वेगाला धाप लागते त्याच वेगात दोन-तीन महिन्यांनी गप्पा मारता येतात. पण हे काम मुख्यतः सावकाश पळतानाच होतं. रोज धापा टाकत पळणाऱ्याला थकवा तेवढा मिळतो.

चिंतामणी_७ | १० जून, सकाळी ९:०२

पाढा अडला तर दम कमी पडला की गणित, हे कसं ओळखायचं?

टेकडीवाला | १० जून, सकाळी ९:१०

म्हणून बाराचा सांगितला. एकोणतीसचा दुसऱ्या वर्षी.

गोदाकाठची | १० जून, दुपारी २:१५

मृण्मयी, टेकडीवाल्यांना दुजोरा, आणि एक भर. सरळ पळूच नका. पळा-चाला करा.

मी ४३व्या वर्षी सुरू केलं, नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर. त्याआधी आयुष्यात कधी पळाले नव्हते, शाळेतही नाही. मोबाइलवर नऊ आठवड्यांचा तो प्रसिद्ध कार्यक्रम लावला, शून्यापासून ५ किलोमीटरचा. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणानं १९९६ मध्ये तो तयार केला. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भराभर चालायचं आणि मग ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून फक्त तीन दिवस. तुम्ही चार दिवस जाता, एक कमी करा. विश्रांतीचा दिवस हा वाया गेलेला दिवस नसतो, शरीर घडतं ते त्याच दिवशी.

नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमाला मला सतरा लागले. चौथा आठवडा तीनदा केला. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम वीस मिनिटं सलग पळायचं असतं, ते वाचून मी दोन आठवडे पुढे सरकलेच नव्हते. ज्या दिवशी झालं त्या दिवशी मैदानाच्या कट्ट्यावर बसून रडले. शेजारी एक आजोबा होते, त्यांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

चालणं म्हणजे हरणं नव्हे हे मनात ठसायला मात्र फार वेळ लागला. तुम्ही थांबल्यावर अपराधी वाटतं म्हणालात ना, ते वाचून लिहावंसं वाटलं. थांबावं लागलं म्हणून चालणं वेगळं आणि ठरवून चालणं वेगळं. दुसऱ्यात शल्य नसतं.

जुना_सायकलस्वार | १० जून, सायं. ६:४५

मी विरुद्ध मत मांडतो. चाळिशीला पळणं सुरू करणं हा गुडघ्यांवर अत्याचार आहे. डांबरावर, काँक्रीटवर पळायचं, प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार. माझ्या जवळच्या मित्राचा गुडघा याच नादात गेला. सूर्यनमस्कार घाला, सायकल चालवा, पोहा. मजा नाही येत असं शरीर सांगतंय तर त्याचं ऐका की!

फिजिओ_शुभदा | १० जून, रात्री ९:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज गुडघे बघते. सायकलस्वारकाका, तुमची काळजी रास्त आहे, पण निष्कर्ष तसा निघत नाही.

पळण्यानं गुडघा झिजतो ही समजूत खूप पसरलेली आहे. २०१७ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, अजिबात न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के होतं. पळण्यामुळेच गुडघा चांगला राहतो, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे चांगले तेच पळतात असंही असू शकतं. पण हौशीनं पळणाऱ्याचा गुडघा जातोच, हे म्हणणं टिकत नाही. सांध्यातल्या हाडांवरच्या मऊ कूर्चेला भार सोसतो, फक्त तो हळूहळू वाढवावा लागतो.

खरा धोका दुसरीकडे आहे. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा आणि हाडं यांना महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणसाला वाटतं, आता जमायला लागलं, आणि तो एकदम अंतर वाढवतो. माझ्याकडे येतात ते याच टप्प्यावर. नडगीच्या आतल्या कडेला दुखणं, सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ, गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणं.

पोटऱ्या भरून येणं, मांड्या आंबणं हे चालायचंच, दोन दिवसांत जातं. पण नडगीच्या हाडावर एका ठरावीक बिंदूवर बोट दाबलं की तीव्र दुखत असेल, तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते. आणि छातीत दुखणं, चक्कर, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास, मधुमेह, रक्तदाब यातलं काहीही असेल तर आधी तपासणी, मग बूट. मृण्मयीताई, तुम्ही ‘छातीत भाता’ म्हणालात. धाप असेल तर वेग कमी केल्यावर जाईल. दुखत असेल तर इथे विचारत बसू नका.

जुना_सायकलस्वार | १० जून, रात्री १०:१०

आकडे वाचले. ठीक, ‘अत्याचार’ शब्द मागे घेतो. पण माझा मित्र पहिल्याच वर्षी २१ किलोमीटरच्या मागे लागला होता, आणि त्याला थांब म्हणणारं कुणी नव्हतं. ते दुखणं मी जवळून पाहिलंय.

फिजिओ_शुभदा | १० जून, रात्री १०:२२

तुम्ही त्याला थांब म्हणाला असतात तर त्याला बरं वाटलं असतं, एवढं तुमच्या लिहिण्यावरून कळतं. तो आता कसा आहे?

जुना_सायकलस्वार | १० जून, रात्री १०:३०

सायकल चालवतो. माझ्याबरोबर.

मृण्मयी_ठाणे | ११ जून, रात्री ९:५०

छातीत दुखत नाही, नुसती धाप आहे. तरी शनिवारी तपासणी करून घेते.

आज पाढा म्हणत पळाले. इतकं सावकाश की मलाच नवल वाटलं. एका काकूंनी चालता चालता मला मागे टाकलं. पण नऊ खांब झाले! नववा खांब मी प्रथमच पळत ओलांडला. मजा मात्र आली नाही. कंटाळा आला.

धुळ्याचा_धावता | १२ जून, सकाळी ७:२०

ताई, तुम्ही खो-खो खेळायचात ना? मीही खेळलो आहे. मग आठवून बघा, त्या दीड तासात तुम्ही सलग किती पळायचात?

पाठलाग करताना पाच-दहा सेकंद धावायचं, खो द्यायचा आणि चौकोनात बसायचं. पुन्हा खो मिळेपर्यंत दम खायचा. पळतीला आलात तरी तिघं-तिघं मैदानात, बाकीचे बाहेर बसून ओरडायला. म्हणजे खो-खो हे पळणं आणि बसणं यांचंच मिश्रण आहे. गोदाकाठचीताईंनी सांगितलेलं पळा-चाला आपण दहाव्या वर्षी खेळून झालोय.

तुम्ही आता ती बसण्याची जागा काढून टाकलीत. शिवाय ओरडणारं कुणी नाही, हुलकावणी नाही, खांब आहे पण तो फिरून पुन्हा उलट पळायचं नाही. उरलं फक्त धापा टाकणं. ते कुणाला आवडेल?

गोदाकाठची | १२ जून, सकाळी ७:४०

धुळेकर, किती नेमकं लिहिलंत. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मृण्मयी_ठाणे | १२ जून, सकाळी ८:०५

लोकलमध्ये उभ्यानं वाचते आहे आणि डोळ्यांत पाणी आलं. खरंच, चौकोनात बसलेलं असताना मागून पाठीवर थाप आणि ‘खो’! ती थाप आठवली.

बालाघाट | १३ जून, रात्री ११:३०

मी बीड जिल्ह्यातला. मोठं लिहितो आहे, सांभाळून घ्या.

मी तीन वर्षं पोलीस भरतीची तयारी केली. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पंधरा-वीस पोरं. मैदानी चाचणी ५० गुणांची, त्यात १६०० मीटरला २० गुण. मुलींना त्याऐवजी ८०० मीटर. एकेका सेकंदावर गुण जातो. त्यामुळे आमच्यासाठी पळणं म्हणजे स्टॉपवॉच. घरची परिस्थिती, बापाचं वय, बहिणीचं लग्न, सगळं त्या घड्याळात बसलेलं असायचं. तीन वर्षांत मी एकदाही रस्त्याच्या कडेची झाडं बघितली नाहीत.

दोनदा मैदान चांगलं गेलं, लेखीत राहिलो. तिसऱ्यांदा मैदानातच पोटरीत गोळा आला. घरी येऊन बूट माळ्यावर टाकले. दोन वर्षं पळालो नाही. कुणी पळताना दिसलं की मान फिरवायचो.

आता छत्रपती संभाजीनगरला एका गोदामात कामाला आहे. मागच्या वर्षी दिवाळीला गावी गेलो, तेव्हा पहाटे जाग आली. सवयच ती. माळ्यावरून बूट काढले, घड्याळ घरी ठेवलं आणि निघालो. कुणाला गुण द्यायचे नव्हते, घ्यायचे नव्हते. ज्वारी पोटऱ्यात आली होती. ओढ्याच्या पुलावर थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा निघालो. किती पळालो माहीत नाही. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, तोंड कसं हसरं दिसतंय रे.

ताई, तुम्ही खांब मोजता. मोजू नका, एवढंच सांगायचं होतं.

मनातलं_बोलू | १४ जून, दुपारी १२:४०

बालाघाट, फार सुंदर लिहिलंत.

मला बायकांसाठी एक लिहायचं आहे, जे मला कुणी सांगितलं नाही. दोन बाळंतपणांनंतर मी पळायला लागले, तेव्हा पळताना थोडी लघवी व्हायची. मला वाटलं हे फक्त मलाच होतंय. कुणाला विचारायची लाज वाटली, आणि मी सहा महिने पळणं सोडलं. सगळ्यांना सांगितलं, आवडत नाही म्हणून सोडलं.

शेवटी एका फिजिओकडे गेले. तिनं सांगितलं की हे अनेकजणींना होतं आणि ओटीपोटाखालच्या स्नायूंच्या व्यायामानं बऱ्याचदा सुधारतं. पण ते व्यायाम नुसतं वाचून करताना कितीतरी जणी भलतेच स्नायू आवळतात, म्हणून एकदा तज्ज्ञाकडून शिकून घ्यायचे. मला चार महिने लागले. आता पळते, मनात धास्ती न ठेवता.

दुसरं, पळण्यासाठीची ब्रा. बुटांवर मी चार हजार घालवले आणि ब्रा रोजचीच वापरत राहिले. खांदे आखडायचे, हात छातीशी धरून पळायचे, त्यानं मान दुखायची. नीट आधार देणारी घेतली आणि पळण्याची चालच बदलली. एखाद्या बहिणीला हे ‘आवडत नाही’ वाटत असेल तर आधी बघा, नक्की काय आवडत नाही ते.

फिजिओ_शुभदा | १४ जून, दुपारी १:३०

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. शब्दन् शब्द बरोबर आहे.

आबा_सातारकर | १४ जून, सायं. ७:००

वय ६४. एसटीत ३४ वर्षं स्टिअरिंग धरलं. रिटायर झाल्यावर ५९व्या वर्षी चालायला लागलो, साठाव्याला पळायला.

आमच्याकडं यवतेश्वरचा घाट हाय. २०१२ पासनं सातारा हिल हाफ मॅरेथॉन तिथंच होते. निम्मी शर्यत चढ, मग तसंच माघारी उतार. पहिल्यांदा बघाय उभा होतो, तवा वाटलं ही माणसं काय येडी हायत. पण मागनं येणाऱ्यांची तोंडं बघितली. पुढचे कष्टात असत्यात, मागचे हसत असत्यात. म्हटलं आपण मागचं व्हायचं.

मी चढाला चालतो. उतारालाबी सांभाळून, कारण चढ छाती काढतो आणि उतार मांड्या काढतो. एवढं ध्यानात ठेवा. घाटात गाडी उतरवताना जसं इंजिनच्या ब्रेकवर उतरवतात तसंच पाऊल बारकं टाकायचं.

अमेय_गॅजेट | १४ जून, रात्री ८:१५

मला वाटतं पाढे वगैरे ठीक, पण आजकाल तीन-चार हजारांत नाडी मोजणारं घड्याळ मिळतं. २२० वजा वय करा, ती नाडीची मिनिटाची कमाल मर्यादा, म्हणजे मृण्मयी यांचे १८१ ठोके. त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत राहा. आकडा समोर दिसला की चूक होत नाही. सगळं मोजल्याशिवाय सुधारणा कशी कळणार?

टेकडीवाला | १४ जून, रात्री ८:५०

अमेय, ते सूत्र ढोबळ आहे. माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. आबांचंच घ्या. २२० वजा ६४ म्हणजे १५६. दुसरं एक सूत्र आहे, २०८ वजा वयाचे सात दशांश. त्यानं १६३ येतात. कोणत्या आकड्याला घाबरायचं? शिवाय मनगटावरची नाडी घामात आणि हालचालीत चुकते. बोलण्याच्या कसोटीला चार्जिंग लागत नाही.

अमेय_गॅजेट | १४ जून, रात्री ९:०५

मान्य, सूत्र ढोबळ आहे. पण माझा अनुभव सांगतो. तोच रस्ता, तोच वेग, मार्चमध्ये नाडी १६५ होती, मेमध्ये १५२. त्या दिवशी मला खूप आनंद झाला होता. मनाला वाटत होतं काहीच प्रगती नाही, घड्याळानं दाखवलं की आहे. ज्याला आकडे आवडतात त्याच्यासाठी हीसुद्धा मजाच आहे.

बालाघाट | १४ जून, रात्री ९:२०

अमेयभाऊ, तुमचंही बरोबर. आमच्या घड्याळात धाक होता, तुमच्या घड्याळात शाबासकी आहे.

लीड्सकर | १५ जून, पहाटे ३:१० (तुमच्याकडची)

इकडे इंग्लंडमध्ये पार्करन नावाचा प्रकार आहे. शनिवारी सकाळी ९ वाजता, बागेत, ५ किलोमीटर, फुकट. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कात १३ जणांनी सुरुवात केली. लीड्समध्ये आमच्या वुडहाउस मूरवर २००७ पासून आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालतो. त्यामुळे शेवटचा क्रमांक कधीच तुमचा येत नाही. नवीन देशात, नवीन नोकरीत, हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो तेव्हा मला बोलायला माणूस नव्हतं. पहिले दोन महिने मी त्या मागच्या स्वयंसेवकाबरोबर चालत-पळत गेलो. आता महिन्यातून एकदा त्या मागच्या स्वयंसेवकाचं जाकीट मी घालतो. मृण्मयी, तुम्ही एकट्याच पळता का?

मृण्मयी_ठाणे | १५ जून, सकाळी ८:००

हो, एकटीच. तसं कधी कुणाला विचारलंच नाही.

चिंतामणी_७ | २२ जून, सकाळी १०:००

पाऊस सुरू झाला. आता काय करायचं? बूट दोन दिवस वाळत नाहीत.

गोदाकाठची | २२ जून, सकाळी १०:२०

आतला सोल बाहेर काढायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे. पंख्याखाली ठेवायचे. उन्हात किंवा गिझरवर नको, गोंद सुटतो.

आबा_सातारकर | २२ जून, सकाळी ११:४०

पावसात शेवाळावरनं जपून. आणि कुत्री भुंकली तर पळायचं थांबवा, चाला. पळणाऱ्याच्याच मागं लागत्यात ती.

धुळ्याचा_धावता | २३ जून, रात्री ९:१५

अवांतर: बालाघाट, तुमच्या जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेंची शर्यत परत पाहिली आज. बर्मिंगहॅमची २०२२ ची राष्ट्रकुल स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. ८ मिनिटं ११.२० सेकंद, सोनं अवघ्या ०.०५ सेकंदानं हुकलं. शेवटच्या शंभर मीटरला मी अजूनही उभा राहतो.

बालाघाट | २३ जून, रात्री ९:४०

त्या दिवशी आमच्या गावात पारावर मोबाइल मधे ठेवून चाळीस माणसं बघत होती. आणि लक्षात घ्या, ते आधी फौजेत गेले, सियाचीनला राहिले, आणि पळण्यात आले ते त्यानंतर. लोकांना वाटतं असली माणसं जन्मतःच धावतात. साताऱ्याच्या मोहीच्या ललिता बाबरही आधी लांब पल्ल्याच्या, मॅरेथॉनच्या धावपटू होत्या. स्टीपलचेस मागाहून धरली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये थेट अंतिम फेरी, दहावा क्रमांक.

आबा_सातारकर | २३ जून, रात्री ९:५५

आमच्या माणदेशाची लेक!

रसायनवाली | २ जुलै, दुपारी ४:३०

मूळ प्रश्न ‘मजा कधी येते’ असा होता, म्हणून थोडं रसायनशास्त्र. पळाल्यावर येणाऱ्या तरंगत्या अवस्थेचं श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामक रसायनाला दिलं जायचं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही. आता संशोधकांचा कल शरीर स्वतः बनवतं त्या एंडोकॅनाबिनॉइड गटाच्या रेणूंकडे आहे. त्यातल्या एकाचा शोध १९९२ मध्ये जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत लागला आणि त्याला नाव दिलं आनंदमाइड. आपल्या संस्कृत ‘आनंद’वरूनच!

हे रेणू अगदी रमतगमत चालताना फारसे वाढत नाहीत आणि जीव काढणाऱ्या वेगातही नाही. मधल्या, टिकवता येणाऱ्या श्रमात वाढतात, आणि तेही काही मिनिटं टिकवल्यावर. म्हणजे सहाव्या खांबाला थांबणाऱ्या माणसाला ते भेटणारच कधी? टेकडीवाल्यांचा पाढा आणि आनंदमाइड यांची गाठ इथे पडते.

टेकडीवाला | २ जुलै, सायं. ५:००

हे मला माहीत नव्हतं. उद्या गटात सांगतो.

फिजिओ_शुभदा | २ जुलै, सायं. ६:१०

याला जोडून: पहिली आठ-दहा मिनिटं जवळजवळ सगळ्यांनाच जड जातात, वर्षानुवर्षं पळणाऱ्यांनाही. प्राणवायूचा पुरवठा मागणीच्या मागून येतो. म्हणून आधी पाच-सात मिनिटं भराभर चाला, आणि पहिल्या किलोमीटरवरून आजचा दिवस कसा जाणार हे ठरवू नका.

गोदाकाठची | १८ ऑगस्ट, रात्री ९:००

मृण्मयी, कुठे आहात? चालू आहे ना?

मृण्मयी_ठाणे | १ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

उशीर झाला, क्षमस्व. ऑगस्टमध्ये तीन आठवडे टायफॉइडनं काढले. त्यानंतर उभं राहिलं तरी पाय थरथरायचे, त्यामुळे पुन्हा पहिल्या आठवड्यापासून, ६० सेकंदांपासून सुरुवात केली. जूनमधली मी असते तर त्यात अपमान वाटला असता.

जुलैपासून आठवड्यातून तीनच दिवस जाते. खांब मोजणं बंद केलं. त्या पुढे निघून जाणाऱ्या काकूंशी ओळख झाली. त्या ५६ वर्षांच्या आहेत आणि त्यांना पळून बघायचं होतं, पण एकटीला संकोच वाटायचा. आता आम्ही दोघी जातो. बोलता येईल असाच वेग राहतो, कारण काकू बोलायच्या थांबतच नाहीत. पाढ्याची गरज उरली नाही.

गेल्या रविवारी आम्ही ५ किलोमीटर केले. ४३ मिनिटं, मध्ये तीनदा ठरवून चालत. येऊरच्या बाजूला ढग उतरले होते, रस्ता ओला होता, आणि कधीतरी मधेच माझ्या लक्षात आलं की बराच वेळ मी पळण्याचा विचारच केलेला नाही. काकू त्यांच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगत होत्या आणि पाय आपोआप चालले होते. विहिरीची गोष्ट संपूच नये असं वाटत होतं.

अजूनही चारातली एक सकाळ नकोशी जाते. पहिली दहा मिनिटं तर बहुतेक वेळा जडच. पण गजर लावताना पोटात गोळा येत नाही. शिवाय सोसायटीतल्या मुलींना जमवून शनिवारी संध्याकाळी खो-खो सुरू केला आहे. नऊ जणी जमत नाहीत, सहा जणींतच खेळतो. परवा माझ्या मुलीनं मला मागून पाठीवर थाप मारली आणि ओरडली, खो!

धुळ्याचा_धावता | १ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

ताई! दिवसभर पुरेल हे मला.

बालाघाट | १ नोव्हेंबर, सायं. ६:०५

काकूंना आमचा नमस्कार सांगा. विहिरीची गोष्ट पुढे काय झाली?

जुना_सायकलस्वार | २ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

अभिनंदन. टायफॉइडनंतर घाई केली नाहीत, हे विशेष आवडलं. आमच्या मित्राला धागा वाचायला दिला आहे. तो विचारतोय, पळा-चालाची सुरुवात त्याला करता येईल का.

फिजिओ_शुभदा | २ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

काका, गुडघा बघितल्याशिवाय सांगणार नाही. आधीचे एमआरआय आणि रिपोर्ट घेऊन त्यांना त्यांच्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवा. ते हो म्हणाले तर पहिला महिना फक्त चालणं आणि मांडीचे व्यायाम. मग इथेच लिहा, आपण ६० सेकंदांपासून सुरू करू.

आबा_सातारकर | २ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मुंबई-ठाण्याकडची कुणी साताऱ्याला आली तर कळवा. सकाळी सहाला यवतेश्वरच्या पायथ्याला. चढाला चालायचं, हे आधीच सांगतो. काकूंनाबी आणा.